फ्रीजमधले अण्णा

"अहो, तो वरचा कागद खायचा असतो की काढून टाकायचा?"

फोटो केक पोचवला की तासाभरात हा फोन हमखास येतो. २०१२ पासून मी डोंबिवलीत घरच्या घरी केक करून विकते हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहेच (नवीन कोणी आलं असेल तर म्हणून पुन्हा सांगितलं). इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न काही थांबला नाही. माझं उत्तरही ठरलेलं आहे, "खायचा असतो काकू, साखरेचाच आहे."

दुसरा एक प्रश्न मात्र फोनवर कोणी विचारत नाही. तो केकसमोर उभं राहून सुरी हातात घेतली की मगच पडतो. आता कापायचं कुठून?

आज त्याबद्दल लिहायचंय. २०२५च्या जुलैमधली गोष्ट आहे आणि आमच्याच घरातली आहे, त्यामुळे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. अर्धे नातेवाईक इथे येऊन वाचतात आणि मग लग्नकार्यात भेटले की "काय गं, असं झालं होय!" म्हणतात. शेवटी आईंनाच (म्हणजे सासूबाईंना) विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही की. नावं नको घालूस म्हणजे झालं." तेव्हा नावं नाहीत.

आधी थोडं फोटो केकबद्दल, म्हणजे पुढचं कळेल.

केकवर लावायचे कागद दोन प्रकारचे. एक वेफर पेपर. तो बटाट्याच्या स्टार्चचा असतो, पातळ, जवळजवळ बेचव, आणि ओल्या क्रीमवर ठेवला की बऱ्याचदा सुरकुततो. दुसरी शुगर शीट. ती स्टार्च, साखर, ग्लिसरीन वगैरेंची असते, जरा जाड, मऊ, आणि मागे प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला. छपाई साध्या इंकजेट प्रिंटरवरच होते, फक्त शाई खाण्याच्या रंगांची. ज्या प्रिंटरमध्ये एकदा साधी शाई पडली तो ह्या कामाला कधीच वापरायचा नाही, हा पहिला नियम. माझ्याकडे असा प्रिंटर नाही. स्टेशनजवळच्या केकच्या सामानाच्या दुकानात फोटो पाठवते आणि संध्याकाळी पाकीट घेऊन येते.

पाकिटातून शीट काढली की हात भराभर चालवावा लागतो. कोरड्या हवेत ती वाळून तडकते. आणि आमच्याकडे पावसाळ्यात उलटं, मागचं प्लॅस्टिक सुटतच नाही! मग मिनिट-दोन मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायची, ओट्याच्या कडेला आणायची आणि चित्राला न ओढता प्लॅस्टिक खाली ओढत ओढत सोडवायचं. चित्र ओढलंत की फाटलंच. केकवर क्रीम सपाट हवं, पांढरं हवं. पांढरं अशासाठी की ह्या छपाईत पांढरी शाई नसतेच. फोटोत जे पांढरं दिसतं ते शीटचं स्वतःचं पांढरं. चॉकलेटी क्रीमवर लावलात तर गोरापान मुलगाही सावळा दिसायला लागतो. शीट दोन्ही हातांत झोळीसारखी धरायची, मध्य आधी टेकवायचा आणि मग कडा सोडायच्या, म्हणजे आत हवा अडकत नाही. आणि एकदा टेकवली की हलवायची नाही. पंधरा-वीस मिनिटांत ती क्रीममधला ओलावा पिते आणि बसते. मग कागद कुठे संपतो आणि क्रीम कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. कडेने शिंपल्यांची नक्षी काढली की झालं काम.

चांगला लागलेला फोटो तोच, जो पुन्हा काढता येत नाही. हे मी शिकणाऱ्या मुलींना नेहमी सांगते. त्यात काही खोल अर्थ वगैरे मला तेव्हा तरी वाटला नव्हता.

आता कापण्याचं. माझा पहिला फोटो केक शेजारच्या इमारतीतल्या चार वर्षांच्या मुलाचा होता. फोटो छान बरोब्बर मध्यभागी, मी खूश, त्याची आई खूश. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी त्याचा हात धरून सुरी नेमकी नाकावरून खाली नेली आणि पोरगं जे रडायला लागलं! "माझं डोकं कापलं, माझं डोकं कापलं." त्याला उचलून बाहेर नेलं तरी जिन्यात ऐकू येत होतं. तेव्हापासून मी फोटो जरा वर सरकवून लावते आणि खाली चार बोटं जागा रिकामी ठेवते. सुरीची जागा. नाव तिथे लिहायचं, कापायचंही तिथे. आणि दुसरा नियम, देवाचा फोटो केकवर लावत नाही. अधूनमधून ऑर्डर येते, मी नम्रपणे नाही म्हणते. ते सुरीखाली येणं मला सोसणार नाही.

हे झालं माझं ज्ञान. आता अण्णा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. २०१८ च्या फेब्रुवारीत गेले, वय ७९. हजार पौर्णिमांना थोड्याच कमी पडल्या. त्यांना केक हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. "वाढदिवसाला दिवा लावतात, विझवत नाहीत," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात प्रत्येक वाढदिवसाला एकदा तरी व्हायचंच. मुलं मेणबत्त्या फुंकायला लागली की ते उठून गॅलरीत जायचे. आई त्यांच्यासाठी वेगळा शिरा करायच्या आणि ते तो गॅलरीतच खायचे. मी केकचं काम सुरू केलं तेव्हा अंड्यावरून बरंच झालं. मी अंडं सोडलं. कंडेन्स्ड मिल्क, दही, सोडा घालून केक करायला शिकले. आज माझे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक त्या बिनअंड्याच्या केकसाठीच येतात, म्हणजे एका अर्थी त्यांचे उपकारच. पण तरी त्यांनी कधी एक तुकडा तोंडात घातला नाही. "आता तर अंडं पण नाही ना अण्णा," म्हटलं की म्हणायचे, "अंड्याचा प्रश्न नाही."

आणि गंमत अशी की माझ्या कामाचा हिशोब मात्र तेच ठेवायचे. आयुष्य बँकेत गेलेलं. लांबट लाल वहीत, कोरीव अक्षरात, मैदा किती, लोणी किती, गॅस किती, रिक्षा किती. मी स्वस्तात विकते हे मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवून दिलं. "मजुरी धरलीच नाहीस. तुझा वेळ फुकट आहे का?" असं म्हणून समोर आकडा मांडला होता. पण त्या वहीत 'केक' हा शब्द एकदाही नाही! सगळीकडे 'माल'. "माल १ किलो, पोचवला, बाकी २००." पाच वर्षं असा हिशोब लिहिला त्यांनी.

मला ह्याचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर रागच जास्त. लोक माझ्या केकची वाहवा करतात आणि घरातला एक माणूस चव सुद्धा बघत नाही, ही गोष्ट मला लागत होती. कोणाला सांगितली नाही इतकंच.

तर २०२५ मध्ये आईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पूजा, शांत वगैरे उन्हाळ्यात उरकलं होतं. नणंद अमेरिकेत असते, तिला मुलांच्या सुट्टीतच येता येतं, म्हणून १३ जुलैच्या रविवारी घरच्याच माणसांचं जेवण ठरवलं. पंचवीस-तीस माणसं. ती आल्या आल्या म्हणाली, "वहिनी, तू फोटो केक करतेस ना? मग आई-बाबांचा लग्नानंतरचा तो फोटो आहे ना, तो लाव केकवर. मस्त होईल!"

मी लगेच हो म्हटलं. आणि इथे एक कबुली द्यायची आहे. हो म्हणताना माझ्या मनात आईंचा आनंद वगैरे नंतर आला. आधी काय आलं, तर 'आता बघू अण्णा गॅलरीत कसे जातात!' हे वाचून कोणाला वाईट वाटलं तर वाटो. आलं ते आलं.

फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत होता. काळ्या पानांचा अल्बम, मध्ये मध्ये ते जाळीची नक्षी असलेले पारदर्शक कागद, चारी कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण. १९६८ साली गिरगावातल्या एका स्टुडिओत काढलेला. आई खुर्चीत बसलेल्या, शालूत. अण्णा शेजारी उभे, कोट घातलेला, हात खुर्चीच्या पाठीवर. त्यांच्या खांद्यावर नाही, खुर्चीच्या पाठीवर. भिंतीवरचे चंदनाचा हार घातलेले अण्णा बघून बघून आम्हाला तेच अण्णा वाटायला लागले होते. हा तिशीचा उंच माणूस माझ्या लेकीने तर ओळखलाच नाही.

पहिली शीट छापून आली ती बघून मी कपाळावर हात मारला. अण्णा चक्क हिरवट! शेवाळ आल्यासारखे. ह्याचं कारण असं की खाण्याची काळी शाई ही निळा, लाल, पिवळा असे रंग मिसळून केलेली असते, आणि जिथे फिकट करडा रंग लागतो तिथे त्यातला एखादा रंग डोकं वर काढतो. कृष्णधवल फोटो हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. मग भाच्याने मोबाइलवर फोटोला जुन्या कागदासारखी तपकिरी छटा दिली, ती दुसऱ्यांदा छापून आणली. ती सुरेख आली. लेकीने पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून "आई, ह्यात टायटॅनियम डायऑक्साइड आहे" अशी बातमीही दिली. शीट पांढरी दिसावी म्हणून घालतात ते. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि आता ते न घातलेल्या शीटही मिळतात. पुढच्या वेळी तशी आणीन म्हटलं. (आणते आता.)

संध्याकाळी आई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांना शीट दाखवली. बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "छान आलाय. पण कापणार कुठून?"

मी माझी सुरीची जागा समजावून सांगितली. इथे नाव, इथे सुरी, फोटोला धक्का नाही.

"आणि मग? सगळ्यांना वाटताना?"

ह्यावर मी गप्प. नाव संपलं की पुढे फोटोच. पंचवीस माणसांत केक वाटायचा तर कोणाच्या ना कोणाच्या ताटलीत अण्णांचा डोळा जाणारच होता.

"मी नाही हं सुरी लावणार," आई म्हणाल्या, आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागल्या.

रात्री झोप येईना. फोटो रद्द करावा असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. नणंदेची इच्छा होती. आणि माझं ते मनातलं 'आता बघू' मलाच टोचायला लागलं होतं. शेवटी मधला मार्ग काढला. फोटो क्रीमवर लावायचाच नाही. पाटीवर लावायचा आणि पाटी केकवर ठेवायची. कापायच्या आधी उचलून घ्यायची.

पाटी फाँडंटची करतात, म्हणजे मळलेल्या साखरेची, पण ती दोन-दोन दिवस वाळवावी लागते. जुलैत डोंबिवलीत काय वाळतंय! टॉवेल वाळत नाहीत. म्हणून पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटची केली. वितळवून जाड प्लॅस्टिकवर पसरली, घट्ट झाल्यावर गरम सुरीने चौकोन कापला, वर पारदर्शक जेलचा अगदी पातळ हात फिरवला आणि शीट बसवली. पाण्याचा हात लावून चालत नाही, रंग पसरतो. केकवर आधी बटर पेपरचा तुकडा, त्यावर पाटी. आणि केक फ्रीजमध्ये ठेवला तरी पाटी तिथे ठेवायची नाही, कारण गार वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर थेंब जमतात आणि खाण्याची शाई पाण्यात विरघळते. ती साखरेवरची शाई आहे, तिला दुसरं येतं काय? तेव्हा पाटी घट्ट झाकणाच्या डब्यात, एसीच्या खोलीत. हे सगळं मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवार छान झाला. आईंना औक्षण केलं. मेणबत्ती अर्थातच नव्हती. केक बाहेर आणला, पाटी वर ठेवली, सगळ्यांनी फोटो काढले. आई वाकून बघत होत्या. मग एकदम मोठ्याने म्हणाल्या, "जन्मभर नको नको म्हणाले, आणि आता बघा कुठे येऊन बसलेत!" सगळे खोखो हसले. मी पण हसले, सगळ्यात मोठ्याने हसले बहुतेक. आणि हसताना पोटात कसंसं झालं. मला जे चोरून वाटलं होतं ते त्यांनी चारचौघांत, किती सहज आणि किती प्रेमाने म्हणून टाकलं होतं.

पाटी उचलली. केक कापला, संपला.

पाटीचं काय करायचं ह्याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. खायला कोणी तयार नाही. टाकायची तर कशी टाकणार? बाहेर ठेवली तर मुंग्या. शेवटी डब्यात घालून, झाकण घट्ट लावून फ्रीजच्या वरच्या फळीवर ठेवली, "बघू नंतर" म्हणून. डबा पारदर्शक. त्यामुळे दूध काढायला दार उघडलं की समोर अण्णा. नवरा एकदा रात्री बारा वाजता गुपचूप पेढा खायला गेला आणि दचकून परत आला. "बाबा बघतायत," म्हणाला. नणंद परत गेली. अण्णा फ्रीजमध्येच.

चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की कोटाची कड फुटली आहे. म्हणजे रेष पसरल्यासारखी. मला नवल वाटलं, कारण डबा बंद होता. झाकण सैल असेल म्हणून डबा बदलला. दुसऱ्या दिवशी खुर्चीचा हात पुसट. शाईला, दुकानदाराला, सगळ्यांना मनातल्या मनात बोलून घेतलं.

मग एका दुपारी पावसामुळे एक ऑर्डर रद्द झाली आणि मी अर्ध्या रस्त्यातून परत आले. किल्लीने दार उघडलं. आई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर चहाचा कप, डब्याचं झाकण बाजूला काढलेलं, आणि पाटी पुढ्यात. पंखा चालू. गार पाटीवर बारीक बारीक थेंब जमले होते आणि आई पदराच्या टोकाने ते अगदी हलक्या हाताने टिपत होत्या.

मला बघून जराशा ओशाळल्या. म्हणाल्या, "घाम येतो गं ह्यांना."

रोज दुपारी, घरात कोणी नसताना, त्या अण्णांना बाहेर काढून समोर ठेवून चहा पीत होत्या. आणि त्यामुळेच ते रोज थोडे थोडे पुसले जात होते.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मला कारण माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. "आई, बाहेर काढू नका, रंग विरघळतो." गिऱ्हाइकांना मी हे छापील चिठ्ठीवर लिहून देते! पण ते सांगितलं असतं तर दुपारचा तो चहा बंद झाला असता. आणि न सांगावं तर अण्णा चालले होते. मी पर्स ठेवली, हात धुतले, आणि "मला पण टाका अर्धा कप," एवढंच म्हटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी काहीच बोलले नाही. रात्री फ्रीज उघडून बघायची. आधी कपाळ गेलं, मग डोळे. अपराधी वाटायचं. मी सांगत नाही म्हणून पुसले जातायत, असं. इतकी वर्षं मनात धरलेला राग होता ना, त्याचाच हा काही भाग नाही ना, असंही एकदा वाटून गेलं. नसावा. पण वाटलं खरं.

२४ जुलैला दिव्यांची अवस आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात. समई, निरांजनं, अण्णांच्या गावाकडचा कंदीलसुद्धा. आणि गूळ घालून कणकेचे दिवे करायचे, उकडायचे, तुपाची वात लावायची, पूजा करायची. सकाळी मी दिवे वळत होते तेव्हा आई म्हणाल्या, "तो डबा काढ फ्रीजमधला."

पाटाशेजारी केळीच्या पानावर त्यांनी पाटी ठेवली. दिव्यांच्या उजेडात बघितलं तर आईंचा शालू थोडाफार दिसत होता, अण्णांचा फक्त कोट आणि खुर्चीवरचा हात. चेहऱ्याच्या जागी चहासारखा डाग.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, मी सांगायला हवं होतं. बाहेर काढलं की.."

"मला दिसत नव्हतं का?" त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू काढल्यापासून तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं मला. रोज थोडे पुसट होत होते. पण बंद डब्यात ठेवून करायचं काय?"

मग आरती झाली. दिव्यातल्या वाती शांत झाल्या, फुंकर न मारता, आपणहून. नेहमीप्रमाणे आईंनी एकेक दिवा ताटलीत घेऊन वर तूप घातलं. आणि त्याच हाताने पाटी उचलली आणि मोडली. टक्कन आवाज झाला. मी इतकी दचकले!

"दिवे खातोच की आपण," त्या म्हणाल्या. "नैवेद्य दाखवल्यावर टाकून देतात का?"

एक तुकडा नवऱ्याला, एक लेकीला, एक मला, एक स्वतःला. माझ्या तुकड्यावर खुर्चीची पाठ होती आणि त्यावर चार बोटं. ती मात्र स्पष्ट होती. मी तो गुळाच्या दिव्याबरोबर खाल्ला. चॉकलेट, साखर आणि वर थोडासा फ्रीजचा वास. डोळे मिटून वगैरे नाही, सरळ खाल्ला.

मला वाटलं होतं आई आता काहीतरी बोलतील, अण्णांना मनातून तुझं कौतुक होतं हो, असं काहीसं. सिनेमात बोलतात तसं. त्यांनी तुकडा सावकाश संपवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या,

"फार गोड आहे गं. ह्यांना नसतंच आवडलं."

आणि आम्ही दोघी हसत सुटलो. खरंच नसतं आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही.

अल्बममधल्या मूळ फोटोची नीट मोठी प्रत करून काचेच्या चौकटीत घालून आईंच्या खोलीत लावली आहे. चहा मात्र त्या टेबलाशीच घेतात, आणि मी घरी असले तर अर्धा कप माझा असतो. लाल वहीत हल्ली मीच लिहिते. त्या महिन्याचा हिशोब करताना १३ तारखेपुढे काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "माल २ किलो, घरचा. मजुरी धरली नाही."

वहीत त्यांनी ते कापलं असतं!

असो. आता कोणी घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आलं की मी ऑर्डर लिहून घेताना एक प्रश्न जास्त विचारते. कापायचाय की काढून ठेवायचाय? बहुतेक जण म्हणतात, काढून ठेवायचाय. मग मी पाटी करून देते आणि सांगते, की हा टिकत नाही हं. चांगला आहे तोवर बघा, आणि मग सगळ्यांनी मिळून खाऊन टाका.

तुमच्याकडे काय करता, जरूर लिहा.